मारीचाची भीति

पंचवटींत काळारामाच्या देवळापासून थोड्याच अंतरावर, जुन्या वडांच्या सावलींत सीतागुंफा आहे. तिचें तोंड इतकें अरुंद कीं, आंत उतरणाऱ्यास बसून, अंग चोरून, एकेक पायरी सरकत खालीं जावें लागतें. पुढच्या माणसाची पाठ नाकाशीं आणि मागच्या माणसाचे गुडघे पाठीशीं, अशा स्थितींत यात्रेकरूंची ओळ पुढें सरकत असते. खालीं राम, लक्ष्मण व सीता यांच्या मूर्ति आहेत. बहुतेकांना या उतरण्याची मौज वाटते. मुलांना तर तीच खरी यात्रा. परंतु त्या ओळींत एखादा असाही मनुष्य असतो कीं, ज्याला ना पुढें ना मागें अशा जागीं एकाएकीं दरदरून घाम फुटतो.

उदाहरणादाखल मुंबईच्या एका गृहस्थांची कल्पना करावी. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी बरी, प्रकृति ठणठणीत. पत्नी व मुलगी यांच्यासह रामदर्शनास आलेले. चौथ्या-पांचव्या पायरीवर ओळ थांबते. कां थांबली तें कळत नाहीं. गृहस्थांच्या छातींत एक ठोका चुकल्यासारखा होतो आणि मागून ठोके असे धांवूं लागतात कीं, ते कानांत ऐकूं यावे. घशाला कोरड पडते. श्वास वरच्यावर अडकतो. बोटांच्या टोंकांना आणि ओठांभोंवतीं मुंग्या येतात, पाय लटपटतात, जवळचीं माणसें कांचेपलीकडे असल्यासारखीं दूर वाटूं लागतात, आणि मनांत एकच विचार उभा राहतो, "आतां येथेंच आपला शेवट!" ते ओरडून मागें फिरतात, लोकांना ढकलून, गुडघे खरचटून घेऊन कसेबसे बाहेर पडतात आणि वडाखालीं बसतात. अर्ध्या तासांत सारें शांत होतें. संध्याकाळीं डॉक्टरांकडे हृदयाचा विद्युत् आलेख निघतो. तो अगदीं निर्दोष. "कांहीं नाहीं, गॅस झाला असेल," असें कोणी म्हणतें. गृहस्थही हसतात. पण दुसऱ्या दिवशीं मुंबईस परतल्यावर कचेरींतील लिफ्टचें दार मिटतांना त्यांचा हात आपोआप छातीवर जातो.

त्या दिवशीं गुंफेंत जें घडलें त्याला "कांहीं नाहीं" म्हणणें बरोबर नाहीं, आणि "शेवट" म्हणणेंही बरोबर नाहीं. या दोन चुकीच्या नांवांमध्यें पुष्कळ माणसांचीं वर्षें वायां जातात.

ज्या पंचवटींत हा प्रसंग कल्पिला, तिच्याच कथेंत या व्याधीचें एक फार जुनें वर्णन आहे. तें रामाच्या किंवा सीतेच्या संबंधांत नाहीं, मारीचाच्या संबंधांत आहे. सुवर्णमृग होऊन पंचवटींत आलेला मारीच सर्वांना ठाऊक असतो. तेथें येण्यापूर्वी तो रावणापाशीं काय बोलला, तें मात्र सहसा कोणी ध्यानांत ठेवीत नाहीं. वाल्मीकीच्या अरण्यकांडांत रावण त्याच्या आश्रमीं जातो, तेव्हां मारीच जटा वाढवून, कृष्णाजिन पांघरून, तापसाप्रमाणें राहत असतो. विश्वामित्राच्या यज्ञाच्या वेळीं रामाच्या अस्त्रानें तो शंभर योजनें दूर समुद्रांत फेंकला गेला होता. पुढें दंडकारण्यांत आणखी दोघा राक्षसांसह मृगरूपानें तो रामावर चालून गेला. रामाचे बाण सुटले, दोघे सोबती ठार झाले, हा निसटला. तेव्हांपासून त्याला झाडाझाडांत वल्कलें नेसलेला धनुर्धारी राम दिसूं लागला. सारें अरण्यच राममय झालें. स्वप्नांत राम दिसला तरी त्याची शुद्ध हरपल्यासारखें होई. इतकेंच नव्हे, तर "र" या अक्षरानें आरंभ होणारे शब्द, मग तें रत्न असो कीं रथ असो, कानीं पडले तरी त्याचा थरकांप उडे.

राक्षसाच्या तोंडचें हें बोलणें कोणास हास्यास्पद वाटेल. परंतु ज्याला असा झटका एकदां येऊन गेला आहे, तो त्यावर हसणार नाहीं. श्रोत्यांपैकीं कित्येकांस आपापला "र" ठाऊक असेल. कोणाचा "र" म्हणजे लिफ्ट, कोणाचा लोकलगाडीचा डबा, कोणाचा नाटकगृहांतील मधली खुर्ची, तर कोणाचा स्वतःच्याच नाडीचा ठोका. बाण एकदांच लागतो. पुढें अक्षरेंच बोंचूं लागतात.

पाश्चात्य वैद्यकानें या प्रकाराची नोंद प्रथम रणांगणाच्या संबंधांत केली. अमेरिकेंतील यादवी युद्धांत फिलाडेल्फियाचे डॉ. जेकब डा कोस्टा यांच्याकडे असे अनेक सैनिक येत कीं, ज्यांची छाती धडधडे, दम लागे, चक्कर येई, आणि हृदय तपासावें तर त्यांत दोष सांपडत नसे. डा कोस्टा यांनीं १८७१ सालीं त्यावर निबंध लिहिला आणि या अवस्थेस "चिडखोर हृदय" अशा अर्थाचें नांव दिलें. नांव हृदयास मिळालें, पण हृदय बिचारें हुकमाचें ताबेदार होतें. हुकूम कोठून येतो हें कळण्यास आणखी कांहीं दशकें लागलीं. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनीं १९०१ च्या सुमारास ॲड्रेनॅलिन हें द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें केलें, आणि हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत भय व क्रोध यांच्या वेळीं शरीरांत काय उलथापालथ होते तें मांडलें. भीतीच्या झटक्याचा स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणांत समावेश व्हावयास मात्र १९८० साल उजाडावें लागलें.

कॅनन यांनीं सांगितलेली गोष्ट समजली म्हणजे गुंफेंतील गृहस्थांच्या प्रत्येक लक्षणाचा उलगडा होतो. संकट दिसतांच मेंदू शरीरास लढण्याची अथवा पळण्याची सिद्धता करण्यास सांगतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तांत उतरतें. हृदय जोरानें चालूं लागतें, कारण मांड्या व दंड यांतील मोठ्या स्नायूंना रक्त हवें असतें. पोटाचें काम तूर्त तहकूब होतें, म्हणून पोटांत गोळा उठतो. लाळ आटते, म्हणून घसा कोरडा पडतो. पळतांना अंग तापूं नये म्हणून घाम आधींच फुटतो. स्नायू ताणले जातात, म्हणून ते कांपतात. हरिण वाघापुढून ज्या सामग्रीनें पळतें, तीच ही सामग्री आहे. तींत बिघाड कांहीं नाहीं; उणीव एवढीच कीं, वाघ नाहीं.

वाघ असतो तेव्हां ही सामग्री प्राणरक्षक ठरते, हेंही विसरतां कामा नये. याच पंचवटींत २००३ सालच्या सिंहस्थांत, २७ ऑगस्ट रोजीं, पर्वणीच्या गर्दींत चेंगराचेंगरी होऊन ३९ यात्रेकरू मृत्युमुखीं पडले. अशा लोटांत ज्याला भीति वाटून जो वेळींच कडेला झाला त्याला कोणी रोगी म्हणणार नाहीं. म्हणून भीति नाहींशी करणें हा उपचाराचा हेतु नसतो, नसावाही. वाघ आणि वाघाचें चित्र यांतील भेद शरीराला पुन्हां शिकविणें, एवढेंच काम असतें. आणि तें वाटतें तितकें सोपें नाहीं, कारण शरीर पुस्तकें वाचीत नाहीं.

आतां श्वासाची गोष्ट. येथें थोडें अधिक थांबणें जरूर आहे, कारण या विकारांतील निम्मा गोंधळ श्वासाचा असतो. घाबरलेला मनुष्य भरभर आणि वरच्यावर श्वास घेतो. त्यामुळें प्राणवायु कमी पडत नाहीं. रक्तांत तो जवळजवळ पूर्ण भरलेलाच असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. हा वायु केवळ टाकाऊ आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे, परंतु रक्ताचा समतोल त्यावर अवलंबून असतो. तो वाजवीपेक्षां अधिक बाहेर पडला कीं मेंदूच्या रक्तवाहिन्या किंचित् आकुंचन पावतात आणि डोकें हलकें होतें, डोळ्यांपुढें अंधारी येते, भोंवतालचें जग खोटें वाटूं लागतें. रक्तांतील मुक्त चुन्याचें प्रमाण तात्पुरतें उतरतें, म्हणून हाताला व ओठांना मुंग्या येतात, बोटें आखडतात. मेंदूला मात्र या साऱ्याचा अर्थ "हवा पुरत नाहीं" असाच लागतो. मनुष्य आणखी जोरानें श्वास ओढतो, आणि ज्या गोष्टीपासून पळावयाचें तीच वाढत जाते.

याच कारणानें घाबरलेल्या माणसास भोंवतालचीं माणसें "खोल श्वास घे, मोठा श्वास घे" असें जें हमखास सांगतात, तें बहुधा अपाय करतें. सांगावयाचें असेल तर "सावकाश श्वास सोड" असें सांगावें. चारपर्यंत मोजीत नाकानें हळू आंत घ्यावा, सहापर्यंत मोजीत त्याहून हळू बाहेर सोडावा. छाती न उचलतां पोट हलूं द्यावें. श्वास बाहेर जातांना हृदयाची गति स्वाभाविकपणेंच किंचित् मंदावते, म्हणून उच्छ्वास लांब असावा. कागदी पिशवींत श्वास सोडण्याची एक जुनी युक्ति आहे. ती आतां वर्ज्य समजावी. दमा किंवा हृदयविकार असलेल्यास ती धोक्याची ठरते, आणि ऐन वेळीं आपल्याला नक्की काय झालें आहे हें कोणास ठाऊक असतें?

पुष्कळ घरांत दिवेलागणीस रामरक्षा म्हणतात. लहान मुलांस भीति वाटूं नये म्हणून ती म्हणावी असें आजीबाई सांगत. या सांगण्यांत श्रद्धेचा भाग आहेच; त्यांत शरीराचाही एक भाग आहे, तो असा. मोठ्यानें स्तोत्र म्हणणाऱ्यास चरण संपेपर्यंत श्वास सोडीतच राहावें लागतें आणि चरणाच्या शेवटीं चटकन् आंत घ्यावा लागतो. लांब उच्छ्वास न शिकवितां साधतो. इटलींतील संशोधकांनीं २००१ सालीं "ब्रिटिश मेडिकल जर्नल" मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना व "ॐ मणि पद्मे हुम्" हा मंत्र म्हणवून घेतला, तेव्हां दोहोंतही श्वासाची गति मिनिटास सुमारें सहावर आली आणि हृदयाच्या नियमनास तें उपकारक ठरलें. शिवाय रामरक्षेंत मस्तक, कपाळ, डोळे, कान, नाक, मुख, जीभ, कंठ अशा क्रमानें थेट पायांपर्यंत एकेका अवयवाची नांवनिशी आहे. शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनीं १९२९ सालीं स्नायूंचे समूह एकामागून एक सैल सोडण्याची जी पद्धति ग्रंथरूपानें मांडली, तींतही लक्ष असेंच अंगाअंगावरून फिरवावें लागतें. दोहोंचें मूळ एक आहे असें म्हणण्याचा येथें उद्देश नाहीं. मात्र छातीच्या ठोक्यांवर खिळलेलें लक्ष तेथून उचलून इतर अवयवांवर न्यावें, हा उपयोग दोहोंचा होतो. ज्या अक्षरानें मारीच कांपला, त्याच अक्षराच्या नांवानें घरोघरचीं मुलें निर्धास्त झोंपीं जातात, ही गोष्ट मौजेची खरी.

लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनीं योगक्रियांचें मापन यंत्रांच्या साह्यानें करण्यास आरंभ केला. प्राणायामाचें मोल अधिक प्राणवायु मिळण्यांत आहे, हा समज त्यांना मान्य नव्हता. मज्जातंतूंवर होणारा परिणाम त्यांना अधिक महत्त्वाचा वाटे. आज ज्यांस झटके येतात त्यांनीं कुंभकाच्या किंवा भस्त्रिकेच्या वाटेस आपल्या मनानें जाऊं नये. भस्त्रिकेंत मुद्दाम भराभर श्वास असतो. ज्याचा गोंधळच त्या श्वासानें होतो, त्याला त्यानें उलटें वादळ उठूं शकतें.

आतां एक इशारा, आणि तो गौण नव्हे. छातींत दुखणें किंवा दम लागणें प्रथमच घडलें असेल तर "ही भीतीच" असें घरच्या घरीं ठरवूं नये. दाबल्यासारखें, डाव्या हाताकडे, पाठीकडे किंवा जबड्याकडे सरकणारें दुखणें, श्रमानें वाढणारें दुखणें, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाची एकाएकीं सुटलेली घामाची धार, यांत क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालय गांठावें. स्त्रियांत हृदयविकाराचीं लक्षणें कित्येकदां अस्पष्ट असतात, आणि "बायकांचें घाबरणें" म्हणून तीं उडवून लावलीं जातात, हा अन्याय आहे. कंठस्थ ग्रंथि अधिक चालणें, पांडुरोग, दमा, रक्तांतील साखर एकदम उतरणें, यांतही अशीच धडधड होते. म्हणून एकदां नीट तपासणी करून घ्यावी. एकदां. दर आठवड्यास नवा आलेख काढून घेणारा मनुष्य हृदयाची काळजी घेत नसतो, तो भीतीला खाऊं घालीत असतो. दर निर्दोष आलेखानें त्याला दोन दिवसांचा दिलासा मिळतो, आणि तिसऱ्या दिवशीं "या वेळीं सांपडलें नसेल तर?" ही शंका पुन्हां दाराशीं उभी असते.

ही शंकाच रोगाचें मर्म आहे, असें ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क यांनीं १९८६ सालीं मांडलें. छातींत धडधड कोणाचीही होते. जिना चढतांना होते, कडक चहानें होते, चांगल्या बातमीनेंही होते. झटका येणारा मनुष्य त्या धडधडीचा अर्थ "हृदय बंद पडतें आहे" असा लावतो. चक्कर आली कीं "शुद्ध जाणार", जग दूर वाटलें कीं "वेड लागणार" असा लावतो. त्या अर्थानें भीति वाढते, भीतीनें धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्या अर्थाला पुरावा होऊन बसते. वास्तविक अशा झटक्यांत रक्तदाब चढलेला असल्यामुळें सहसा मूर्च्छा येत नाहीं. रक्त पाहून ज्यांस घेरी येते त्यांचा प्रकार निराळा. झटक्यानें वेड लागत नाहीं. तो बहुधा दहा मिनिटांच्या आंत शिखरास पोंचतो आणि मग उतरूं लागतो. कोणी कांदा हुंगवितो, कोणी दृष्ट काढतो, आणि गुण आला असें सर्वांस वाटतें; मीठमोहऱ्या आणून ओंवाळून चुलींत टाकीपर्यंत पंधरा मिनिटें गेलेलीं असतात.

हें सारें स्वानुभवानें जाणणाऱ्या एक बाई ऑस्ट्रेलियांत होऊन गेल्या. डॉ. क्लेअर वीक्स यांस तरुणपणीं क्षयाचें चुकीचें निदान झालें होतें. त्या काळांत त्यांना स्वतःच्या छातीचे ठोके मोजण्याची खोड लागली आणि धडधड महिनोन्महिने सुटेना. महायुद्धांतून परतलेल्या एका स्नेह्यानें त्यांना सांगितलें कीं, हृदय धांवतें तें केवळ भीतीमुळें, सैनिकांचेंही असेंच होतें. पुढें त्यांनीं १९६२ सालीं सामान्य जनांसाठीं पुस्तक लिहिलें. त्यांतील उपदेशाचा गाभा एवढाच कीं, झटक्यास सामोरें जावें, तो आला हें मान्य करावें, त्याच्याशीं झुंजूं नये, पाण्यावर अंग सैल सोडावें तसें सोडावें, आणि वेळ जाऊं द्यावा. गोदावरींत पोहणाऱ्याला निराळें समजावून सांगावयास नको. घाबरून हातपाय झाडणारा बुडतो. पाठीवर पडून राहणाऱ्याला पाणी आपणहून उचलून धरतें.

याच्या उलट केलें तें मारीचानें. दोनदां मार खाल्ल्यावर तो अरण्याबाहेर पडला, समुद्राच्या तीरीं जाऊन राहिला, आणि तरीही झाडें राम होऊन उभीं राहिलीं. टाळण्याचा हा मार्ग सुरुवातीस फार सुखाचा असतो. आपले मुंबईचे गृहस्थ प्रथम लिफ्ट सोडतात. सहा मजले चढण्यानें व्यायाम होतो, असें सांगतात. मग जलद गाडी सोडतात, कारण ती मधल्या स्टेशनांवर थांबत नाहीं. धिम्या गाडींत दाराशीं उभे राहतात. मग नाटकास कडेची खुर्ची. मग नाटकच नको. मुलीच्या शाळेंतील स्नेहसंमेलनास पत्नीला एकटीला पाठवितात. खिशांत पाण्याची बाटली, डॉक्टरांच्या नंबराचा कागद, जिभेखालीं ठेवण्याची गोळी. एके दिवशीं ते पाहतात तों घर, कचेरी आणि त्यांमधील एकच रस्ता, एवढाच मुलूख त्यांच्या ताब्यांत उरलेला असतो. प्रत्येक वेळीं पळाल्यावर बरें वाटलें. पण प्रत्येक वेळीं शरीरानें त्यावरून "पळालों म्हणून वांचलों" असा धडा घेतला.

घरच्या माणसांची भूमिका येथें अवघड असते. "मनाचे खेळ आहेत, सोडून दे" असें म्हणणारा घरांत एक तरी असतोच. त्याला गीतेचा पहिला अध्याय दाखवावा. जगांतील श्रेष्ठ धनुर्धराचे अवयव गळाले, तोंडाला कोरड पडली, अंग कांपलें, कातडीची आग झाली, हातांतून गांडीव निसटूं लागलें. त्यांत नाटक नव्हतें. दुसरी चूक अतिप्रेमाची. पत्नी प्रत्येक ठिकाणीं सोबत करूं लागते, तपासण्या करविते, गर्दीचीं आमंत्रणें परस्पर नाकारते. तिचा हेतु उत्तम. पण मारीचाच्या आश्रमाला तीच कुंपण घालीत असते. झटक्याच्या वेळीं शांतपणें जवळ बसावें, "हें आलें आहे, जाईल" एवढेंच म्हणावें, आणि तो उतरल्यावर लागलीच बाहेर ओढून नेण्याची घाई करूं नये.

उपचार आहेत, आणि ते पुष्कळ अंशीं यशस्वी होतात, हें येथें ठासून सांगितलें पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीं विचारांची फेरतपासणी आणि टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीनें परतणें, हा त्यांतला मुख्य. न्यूयॉर्कच्या डॉ. डोनाल्ड क्लाइन यांस १९६० च्या सुमारास इमिप्रामीन या औषधानें असे झटके थांबतात असें आढळलें; पुढें त्याहून सौम्य औषधें निघालीं. त्यांचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत निराश होऊन तीं सोडूं नयेत, आणि बरें वाटतांच आपल्या मनानें एकदम बंदही करूं नयेत. ज्या गोळ्या अर्ध्या तासांत शांत करतात त्यांची संवय जडते. त्या शेजाऱ्याच्या शिफारशीवरून घेणें म्हणजे सावकाराकडून कर्ज काढणें. मद्याचेंही तेंच. चहा-कॉफीचे पेले मोजावेत. मार्गदर्शनासाठीं १४४१६ हा "टेली मानस" चा दूरध्वनि क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरपासून देशभर विनामूल्य उपलब्ध झाला असून त्यावर मराठींतही बोलतां येतें. वेड्यांच्या डॉक्टरकडे कसें जावें, ही लाज बाळगून दहा वर्षें छाती धरून बसणारी माणसें सुशिक्षित घरांत कमी नाहींत. उलट, अधिकच असावींत, कारण त्यांना कारणें चांगलीं सुचतात.

गृहस्थांस डॉक्टरांनीं कागदावर टाळलेल्या गोष्टींची यादी करावयास सांगितलें, सोप्यापासून अवघडापर्यंत. तळाशीं त्यांनीं लिफ्ट लिहिली, एक मजला, दार उघडें असतांना नुसतें उभें राहणें. आणि माथ्यावर सीतागुंफा. प्रत्येक पायरीस नियम एकच, भीति चढलेली असतां निघून यावयाचें नाहीं, ती उतरूं लागेपर्यंत थांबावयाचें. पहिल्या दिवशीं लिफ्टमध्यें त्यांचा सदरा भिजला. सातव्या दिवशीं त्यांना कंटाळा आला, आणि कंटाळा आला ही या उपचारांतील सर्वांत शुभ बातमी होय. जलद गाडीला तीन आठवडे लागले. मध्यंतरीं एकदां कांहीं कारण नसतां रात्रीं झटका आला, आणि सारी मेहनत फुकट गेली असें वाटून ते दोन दिवस घरीं बसले. असें होतें. डॉक्टरांनीं यादींतील तीच पायरी पुन्हां करावयास लावली.

दहा महिन्यांनीं ते पंचवटीस आले. प्रथम वडाखालीं बसले. मग ओळींत उभे राहिले, आणि ठरल्याप्रमाणें पत्नी व मुलगी पुढें, ते एकटे मागें. चौथ्या पायरीवर ओळ पुन्हां थांबली. ठोका चुकला, घसा सुकला, बोटांना मुंग्या आल्या. सर्व ओळखीचीं मंडळी क्रमानें हजर झालीं. त्यांनीं भिंतीला हात लावला. दगड गार होता. चार मोजून श्वास घेतला, सहा मोजून सोडला. ओळ कां थांबली हें याही वेळीं कळलें नाहीं. तीन-चार मिनिटांनीं ती हलली. खालीं मूर्तींपुढें त्यांनीं हात जोडले तेव्हां हात किंचित् कांपतच होते.

वर आल्यावर मुलीनें विचारलें, "बाबा, भीति वाटली?"

"वाटली," ते म्हणाले, आणि तिच्या हातांतली पाण्याची बाटली घेऊन सर्वजण रामकुंडाकडे निघाले.